कंप्युटरातल्या अक्षता

गडब
ता. ११ जानेवारी २०२५

प्रविण,

वर 'चिरंजीव' नाही, 'अनेक आशीर्वाद' नाहीत. विसरले नाही, मुद्दाम गाळलेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुझं ते 'हां, बोल लवकर' ऐकलं की माझं डोकं फिरतं आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं. पत्रात तुला मधेच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

परवा नागोठण्याच्या बाजारात नमिता भेटली. ती तुझी बायको असली तरी तिनं माझं काही घोडं मारलेलं नाही, तिच्याशी मी बोलते. ती सांगत होती, तुम्ही रोह्यातच नवीन ब्लॉकमध्ये राहायला जाताय आणि जुनं सामान भंगारवाल्याला देताय. पलंग, लोखंडी कपाट, आणि तुमच्या अक्षयच्या कॉलेजच्या वेळी घेतलेला तो कंप्युटर. मग वांगी निवडता निवडता अगदी सहज म्हणाली, "ताई, त्यात आयंनी म्हटलेले लग्नाचे धवले हायत. पण तो आता धड चालूच होत नाय, म्हणून हे बोलले देऊन टाकू."

देऊन टाकू! प्रविण, तुझी जीभ कशी वळली रे? आय जाऊन चार वर्षं झाली. तिचा एक फोटो आहे आपल्याकडे, तोही रेशनकार्डाचा, त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. तिचा आवाज कुठे म्हणून कुठे नाही असं मी समजून चालले होते. आणि तो तुझ्या घरात, टेबलाखाली, केरसुणीशेजारी पडून होता! भर बाजारात माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वांगी तिथेच ठेवून आले.

आणि हे धवले तिनं म्हटले कधी? अक्षयच्या लग्नानंतर तिनं तोंड उघडलेलं नाही. म्हणजे त्याआधीचे असणार. मला कधी सांगितलं होतंस?

अक्षयच्या लग्नाचा विषय निघालाच आहे तर एकदा नीट लिहूनच टाकते. तेव्हा भांडले, रडले, पण सरळ असं बोलले नाही. तू आता कंपनीत मोठ्या जागेवर आहेस, तुला कदाचित आठवत नसेल, म्हणून आठवण करून देते की आपली आय कोण होती. खारेपाटात लग्न म्हटलं की भटजीच्या आधी जनी धवलारणीला सुपारी जायची. ती मांडवात बसल्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नसे. कासूपासून वाशीपर्यंत जेवढी पोरं तिच्या धवल्यावर लग्नाला उभी राहिली, तेवढी माणसं तुझ्या कंपनीतसुद्धा नसतील. आय पुढे म्हणायची, मी झील धरायची. ती ओळ सोडायची, मी उचलायची. दहा वर्षांची होते तेव्हापासून.

तुझ्या त्या रोह्याच्या हॉलमध्ये आय हिरवं लुगडं नेसून आली होती. नातवाचं लग्न. तिनं पहिली ओळ टाकली, 'मांडवाच्या दारी गो, कोन पावना उभा?' नमिताचा भाऊ, नवऱ्याचा मामा, दारात उभा होता. उत्तरात त्याचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तू आलास. कोट घातलेला. म्हणालास, "आय, आता नको. साहेब लोक बसलेत. नंतर बघू." आणि त्या डीजेवाल्याला हात केलास. त्यानं असा काही दणका दिला की समोरच्या सरबताच्या ग्लासांना कंप सुटला.

आय प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. जेवली नाही. माझ्या तोंडातली ओळ तोंडातच राहिली, ती अजून तिथेच आहे. त्यानंतर माझ्या घरी मी तिला किती वेळा म्हटलं, आय, म्हण की एखादा. "नाय गो, घसा गेला," एवढंच म्हणायची. तिचा घसा कुठे गेला होता ते मला ठाऊक आहे. म्हणून मी तुझ्या घराची पायरी सोडली, आणि फोनमध्ये तुझा नंबर ब्लॉक केला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या दिशाचं लग्न ठरलं. मुलगा नागोठण्याचा, चांगला आहे. साखरपुड्यात दिशा सगळ्यांसमोर म्हणाली, "मला डीजे नको, मला आजीचा धवला पायजे. मम्मी म्हणेल." मुलाकडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण ऐटीत म्हटलं, म्हणेन की! घरी येऊन बसले तर काय? मला सगळ्या ओळींच्या शेपट्या येतात, तोंडं येत नाहीत. आयुष्यभर झील धरली, पुढची ओळ कधी टाकलीच नाही. टाकायला आय होती ना! मांडवाच्या दाराची ती एक ओळ सोडली तर बाकी सगळं बिनडोक्याचं. पुतळीमावशी धवलारणीकडे जाऊन आले, तिच्या चालीच वेगळ्या, आणि तिला आता दम लागतो.

म्हणून सांगते. तो कंप्युटर भंगारात द्यायचा नाही. 'बघू चालतो का' म्हणून चालू करायचा नाही. तू बंद टीव्हीला थापडा मारायचास तशा त्याला मारायच्या नाहीत. गुपचूप गडबला पाठवून दे. विनंती नाही करत, सांगतेय.

सरोज


गडब
ता. २० जानेवारी २०२५

प्रविण,

कंप्युटर मिळाला. काळुरामच्या टेंपोतून, दोन सिमेंटच्या गोण्यांच्या मधे बसून आला. नमिताच्या जुन्या साडीत गुंडाळलेला, ती साडी मात्र ओळखली. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. नुसता खोका. त्याची वायरसुद्धा नाही. एवढा काय रे तुसडेपणा? मोठ्या बहिणीला वस्तू पाठवतोस की पोलीस ठाण्यात मुद्देमाल जमा करतोस?

दुकान दिशाच्या बाबांवर टाकलं (पापड आणि पोहे विकायला त्यांना जमतं, भाव करायला जमत नाही, त्या दिवसाचा तोटा तुझ्या नावावर) आणि पेणला हर्षदच्या दुकानात गेले. हा हर्षद दिशाच्या वर्गात होता. हुशार आहे, पण जरा शिष्ट. खोका बघितल्या बघितल्या म्हणाला, "मावशी, हे म्युझियममध्ये द्या." मी म्हटलं, तू आधी उघड, मग मला अक्कल शिकव.

त्यानं स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला, आणि आतून टेबलावर काय सांडलं असेल? तांदूळ! कुंकू लावलेले, लाल झालेले तांदूळ. अक्षता, प्रविण. मूठभर तरी होत्या. आतल्या पंख्याच्या पात्यांत, तारांच्या गुंत्यात, जिथे बोट जाणार नाही अशा फटीत. आणि पंख्यावर हळद आणि तेलाचा असा चिकट थर बसलेला की त्याला धूळ चिकटून चिकटून त्याचा पार लगदा झालेला. वरच्या पत्र्यावर बोटांचे पिवळे पाच पट्टे. हर्षद माझ्याकडे बघतोय, मी हर्षदकडे. शेवटी तो म्हणाला, "मावशी, ह्याचं लगीन लावलं व्हतं काय?" दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तू मला सांग. हे कुणाचे उद्योग? दसऱ्याला पूजा करतात ते मला ठाऊक आहे. आम्ही वजनकाट्याची करतो. एक फूल, एक बोट कुंकू, संपलं. मूठ मूठ अक्षता आत जातीलच कशा? वर जाळी आहे ती अक्षता टाकायला आहे का रे? एवढी कंपनीतली यंत्रं सांभाळणारा माणूस तू, आणि घरातल्या यंत्रात तांदूळ शिजत घातलास!

हर्षद म्हणतो, पंखा अडकल्यामुळे हा कितीतरी वर्षं आतल्या आत तापत राहिला. ज्या डबीत सगळं साठवलेलं असतं, ती हार्ड डिस्क, तिला जोडून बघितलं तर टक टक टक आवाज करते. दारावर कुणीतरी नखानं वाजवावं तसा. तो म्हणाला, हा आवाज वाईट. अशी डिस्क केव्हा बसेल सांगता येत नाही. तिला वरचेवर चालू-बंद केलं तर संपलीच. एकदा जोडायची, आणि चालेल तोवर हळूहळू जेवढं उतरवून घेता येईल तेवढं घ्यायचं. मधे बसली तर बसली. वर म्हणतो, "कोनीतरी हिला चालू करायचा लय प्रयत्न केलाय, मावशी." कोणीतरी! मी नाव सांगितलं नाही. घराण्याची अब्रू.

मी त्याला म्हटलं, बाबा, आतल्या बाकीच्या वस्तू गेल्या तरी चालतील, अक्षयचे प्रोजेक्ट, तुमचे महाबळेश्वरचे फोटो, सगळं जाऊ दे. आधी आवाज काढ.

हे वाचून नमिताला राग येईल. येऊ दे. फोटो तिचे परत काढता येतील, महाबळेश्वर कुठे जात नाही.

उत्तर पाठव. अक्षता कुणी टाकल्या एवढंच लिही, बाकी तुझी ख्यालीखुशाली नको.

सरोज


गडब
ता. ३१ जानेवारी २०२५

प्रविण,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा पाणी प्यायले. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दिशाच्या बाबांना दाखवलं. ते हसत सुटले, म्हणून त्यांच्याशीही दोन दिवस अबोला आहे.

म्हणजे आय मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे होती तेव्हाचं हे. अक्षयच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचं! मी समजत होते ती तिथे डोळ्याला पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून बसली असेल. आणि तू लिहितोस, एका रविवारी तू तिच्या पायाशी बसलास, म्हणालास, आय, माझं चुकलं, मला एकदा म्हणून दाखव, मी साठवून ठेवतो. तर ती म्हणाली, "लगीन नसताना धवला म्हनत नाय. लगीन कोनाचं हाय?" हे मात्र अगदी आय. मांडव नाही, हळद नाही आणि धवला म्हणायचा, हे तिनं प्राण गेला तरी केलं नसतं. मी म्हण म्हणायचे तेव्हा मला हे का नाही बोलली? मला म्हणे घसा गेला!

आणि मग तू लग्न लावलंस. कंप्युटर नवरा, नमिताची शिलाई मशीन नवरी. पडद्याच्या काठीला आंब्याचे टाळ बांधून मांडव. स्क्रीनला मुंडावळ्या. आयनं स्वतःच्या हातानं नवऱ्याला हळद लावली, तेल लावलं, आणि सगळ्यांनी मिळून अक्षता टाकल्या. 'आयला नीट दिसत नव्हतं, तिच्या अक्षता जाळीतून आत गेल्या असतील' असं लिहितोस. बिचारी म्हातारी सापडली! तुझ्या अक्षता काय नेम धरून पडल्या होत्या?

मी रागावले आहे हे तुला कळतंय ना? कंप्युटर बिघडला म्हणून नाही. तुझ्या घरात लग्न झालं, आपल्या आयनं धवला म्हटला, आणि मला आमंत्रण नाही! शेजारच्या ब्लॉकमधली बाई वरमाय म्हणून बसली, असं तूच लिहितोस. शेजारची बाई! आणि सख्खी बहीण इथे गडबला हायवेवर पापड विकतेय. मशीनच्या लग्नाला का होईना, बोलवायचं नव्हतं मला?

तू म्हणशील, ताईनं नंबर ब्लॉक केला होता. हे कारण मला सांगू नकोस. ब्लॉक केलेल्या माणसाला पत्र लिहिता येतं, मी लिहितेच आहे ना? रोह्याहून गडबला यायला काय विमान लागतं?

पुढे लिहितोस, 'आय बोलली, हा अर्धाच हाय, कोनाला ऐकवू नको, सरू आली की पुरा करू. पण तू आलीच नाहीस.' वा! म्हणजे सगळं शेवटी माझ्याच डोक्यावर. आय दमली असेल म्हणून अर्धा राहिला, आणि तू त्याचं खापर माझ्यावर फोडतोस. नंतर ती गेली तेव्हा तेरा दिवस तू माझ्या घरात होतास. तेव्हा का नाही बोललास? मी तुझ्याशी बोलत नव्हते हे खरं. पण तू तर बोलू शकत होतास.

आता हर्षदचं ऐक. डिस्क त्यानं एकदाच जोडली आणि तिला हात न लावता तशीच चालू ठेवली. मधे टेबलफॅन लावून ठेवला होता तिला, आजारी माणसाला वारा घालावा तसा. आवाज तू कुठे ठेवला होतास ते शोधताना त्याची दमछाक झाली. न्यू फोल्डर, त्याच्या आत न्यू फोल्डर, त्याच्या आत 'अक्षय अकाउंट्स'. आयचा आवाज अकाउंट्समध्ये! हळदीचा धवला आला. मांडवाचा आला. देवकाचा निम्मा आला. तेलाचा उतरत असताना डिस्कनं जोरात टक टक केलं आणि बसली, ती कायमची. तेलाचा गेला. तो आयचा सगळ्यात गोड होता. हर्षदनं टेबलफॅन बंद केला आणि म्हणाला, "सॉरी, मावशी." शिष्ट असला तरी वाईट नाही पोरगा.

पण जे आले त्यांचंही रडगाणंच. हर्षद म्हणतो, फाइली खराब आहेत. प्रत्येक ओळीनंतर आवाज जातो. ओळ, मग नुसतं शांत, मग ओळ, मग शांत. त्यानं विचारलं, मधल्या रिकाम्या जागा कापून ओळी जोडून देऊ का, सलग वाटेल. मी म्हटलं, थांब, आधी मला घरी ऐकू दे. पेनड्राइव्ह घेऊन आले, अजून लावलेला नाही. धीर होत नाही.

आयुष्यात एक काम अंगावर घेतलंस, आणि तेसुद्धा अर्धं आणि फाटकं करून ठेवलंस.

सरोज


गडब
ता. ९ फेब्रुवारी २०२५

प्रविण,

काल दुपारी ऐकलं.

दिशाला सुट्टी होती. ओटीवर पापड वाळत घातले होते, मी राखण करत बसले होते. दिशानं तिचा लॅपटॉप आणून उंबऱ्यावर ठेवला आणि मला न विचारता लावला. आधी नुसती खरखर. मग तुझा आवाज, "आय, लाल दिवा लागला की बोल." मग आय खाकरली. तिचं ते खाकरणं, प्रविण, पदर तोंडाला लावून. मी हातातली काठी टाकून दिली. कावळे पापड नेईनात का!

आयनं हळदीची ओळ टाकली. आवाज बारीक झाला होता तिचा, पण चाल तीच, शेवटाला वर नेऊन सोडून द्यायची. ओळ संपली आणि गप्प. हर्षद म्हणाला तसंच, आवाज गेला. दिशा म्हणाली, "बघ, इथंच खराब हाय." आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी झील धरली. मला कळलंसुद्धा नाही. माझी ओळ संपते न संपते तोच आयची पुढची ओळ आली. मग ती गप्प, मग मी. मग ती. दिशा माझ्याकडे बघतच राहिली.

फाइल खराब नाही रे. तिथे काही गेलेलं नाही. ती थांबतेय. माझी ओळ जेवढी लांब, तेवढीच थांबतेय, कमी नाही की जास्त नाही. जिथे मी श्वास घ्यायला जरा वेळ लावायची, तिथे तिनं तेवढी जागा जास्त सोडलीय. ते लहानपणापासून तिला खटकायचं, मला चिमटे काढायची त्यावरून. आणि इथे मी समोर नाही, रोह्याला तुझ्या घरात शिलाई मशीनचं लग्न चाललंय, तरी तिनं माझ्या श्वासाची जागा ठेवलीय.

मधे तू बोललायस. ते तुला आठवतं का ठाऊक नाही. तू म्हणतोस, "आय, थांबतेस कशाला? सलग म्हन ना, मशीन चालू हाय." आणि आय म्हणते, "तू गप रं. ती सरूची जागा हाय." मग तू गप्प. मग खाली रस्त्यावरून एक रिक्षा जाते तेवढी ऐकू येते. मग आय पुढची ओळ टाकते.

मी रडले हे तुला लिहायचं नव्हतं, पण दिशा सांगेलच. ओक्साबोक्शी रडले. आणि रडून झाल्यावर मला पुन्हा राग आला, तो आयचा. त्यानंतर दोन वर्षं माझ्या घरात राहिली, माझ्या हातचं जेवली, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही की तुझी जागा तिकडे ठेवून आलेय! वाट बघत बसली असेल, मी कधी एकदा रोह्याला जाते म्हणून. तिनं कधी कुणाला 'जा' म्हणून सांगितलंय? तिनं ओळ सोडायची, आपण उचलायची, अशीच ती. आणि तूही तसाच, ओळ टाकून गप्प बसणारा. झील धरायला मी एकटीच जन्माला आले होते या घरात.

हर्षदला फोन करून सांगितलं, एक रिकामी जागासुद्धा कापायची नाही. त्याला वाटलं मला नीट समजलेलं नाही. समजावत बसले नाही, लग्नाला ये म्हटलं, ऐकशील.

आता खरं दुखणं सांगते.

हळदीचा झाल्यावर मांडवाचा लागला. पहिलीच ओळ. "मांडवाच्या दारी गो, कोन पावना उभा?" आयनं विचारलं आणि थांबली.

या जागेत मामाचं नाव घेतात. नाव घेणं हे नेहमी माझं काम, आय नुसतं विचारायची. अक्षयच्या लग्नात याच जागी तू मला गप्प केलंस. दिशाला मामा एकच. मी ठरवलं होतं, लग्नाची पत्रिका तुला पाठवायची, पण मामाच्या मानाला दिशाच्या बाबांच्या मावसभावाला उभं करायचं. त्याला विचारलंसुद्धा होतं. नवीन शर्ट शिवायला टाकलाय त्यानं.

आय थांबलेली. दिशा माझ्या तोंडाकडे बघतेय. शेजारची रोहिणी कुंपणापाशी येऊन उभी राहिलेली. आणि ती जागा काही कायमची उघडी राहत नाही, आय पुढे जाणार. मला विचार करायला वेळ तरी होता का? माझ्या तोंडातून निघून गेलं, "उभा गो उभा, नवरीचा मामा, प्रविण मामा उभा." आणि आय लगेच पुढची ओळ बोलली. जणू बरोबर उत्तर आलं म्हणून.

तर हे असं झालंय. धवल्यात एकदा नाव घेतलं की तो माणूस मांडवाच्या दारात असावा लागतो, नाहीतर धवला खोटा पडतो. आयचा धवला आजवर कधी खोटा पडलेला नाही, तो माझ्या तोंडी पडायला नको. मावसभावाला मी समजावून सांगितलं. शर्ट तो हळदीला घालेल.

दिशाची हळद बावीस तारखेला, लग्न तेवीसला, आमच्या अंगणात, हॉल नाही. हर्षद स्पीकर लावणार आहे. पुढे आय म्हणेल, झील मी धरेन. तेलाच्या वेळी काही वाजणार नाही. डिस्क बसली त्याला इलाज नाही. तेव्हा मी नुसत्या शेपट्या म्हणणार आहे, तोंडं ज्याची त्यानं मनात म्हणावी. नमिताला आण, अक्षय आणि सुनेला आण. ती शिलाई मशीन अजून असेल तर तीही आण, नवरीला मामीकडून काहीतरी द्यायला लागतंच, आणि त्या मशीनचा नवरा इकडेच वारलाय.

माझा राग गेलेला नाही. डीजेचं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही, आणि लग्नात चार लोकांसमोर मी तुला काय काय बोलेन ते मलाच ठाऊक नाही. ऐकून घ्यायची तयारी ठेवून ये. कोट घालू नकोस.

एकच सांगते, ते नीट ऐक. दरवेळसारखा पावणेबाराला घाम पुसत येऊ नकोस. मी तुझ्यासाठी थांबले असते, रागावत का होईना, थांबले असते. पण विचारणार आय आहे. ती त्या जागी थांबते, पण किती थांबायचं ते तिनं तेव्हाच ठरवून ठेवलंय. तिनं विचारायच्या आधी दारात उभा राहा.

तुझी,
ताई